लेकीचं गणित पुढं जाऊ द्या

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या. आज गणिताबद्दल बोलायचं आहे. गणित म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते आपलं काम नाही बाई." पण गटाच्या बैठकीत शेकडा २ रुपयांनी ३,००० रुपयांचं महिन्याचं व्याज किती, असं विचारलं तर उत्तर तोंडावर असतं. ६० रुपये. कागद लागत नाही, पेन लागत नाही. म्हणजे गणित आपल्या घरचंच आहे. आपण फक्त त्याला गणित म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट बघा. गटाचं रजिस्टर लिहायचं असलं, बँकेची स्लिप भरायची असली, खताच्या बिलाची बेरीज तपासायची असली की आपण कुणाला हाक मारतो? घरातल्या शाळकरी पोरीला. "ये गं, तू हुशार आहेस, एवढं बघून दे." ती बघून देते. मग दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा फॉर्म समोर येतो आणि त्याच पोरीला आपण सांगतो, "गणित अवघड असतं, सोडून दे. पुढं कुठं लागतंय तुला?" हिशोबाला हुशार असलेली पोर फॉर्म भरताना अचानक कच्ची कशी होते, हे मला आजवर कळलेलं नाही. शिक्षिका म्हणून असे फॉर्म मी पुष्कळ बघितले आहेत.

आजचं बोलणं अशाच मुलीबद्दल आहे. वर्गातलं गणित तिला चटकन सुटतं. सुटलं की ती विचारते, "बाई, ह्याच्या पुढं काय?" शाळेच्या पुस्तकापलीकडचं, कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवतात त्या वाटेवरचं गणित तिला हवं असतं. आपण त्याला सोप्या शब्दात 'पुढचं गणित' म्हणू. ते विद्यापीठात जाण्याआधी, आठवी ते बारावीच्या वयात शिकता येतं का? आपल्या गावात राहून, मोठ्या शहरातला क्लास न लावता येतं का? येतं. कसं, ते सांगते.

आधी पुढचं गणित म्हणजे काय ते तुम्हीच चाखून बघा. आपल्या ओळखीच्या व्याजापासून सुरू करू.

समजा एक सावकार आहे. १०० रुपये दिले तर वर्षानं २०० घेतो. म्हणजे वर्षाला शेकडा १०० रुपये व्याज. आता तो म्हणाला, "मी वर्षाची वाट बघणार नाही. सहा महिन्यांनी ५० रुपये व्याज मुद्दलात मिळवीन आणि पुढचे सहा महिने दीडशेवर व्याज लावीन." मग वर्षानं होतात २२५. त्यानं दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवलं तर होतात २४४ रुपये १४ पैसे. दर महिन्याला मिळवलं तर २६१ रुपये ३० पैसे. रोजच्या रोज मिळवलं तर २७१ रुपये ४६ पैसे. आता तुमच्या मनात येईल, दर तासाला, दर मिनिटाला, दर सेकंदाला मिळवलं तर रक्कम आभाळाला जाईल. जात नाही! कितीही घाई केली तरी ती २७१ रुपये ८३ पैशांच्या आसपास येऊन थबकते. २७२ रुपये कधीच होत नाहीत.

हा प्रश्न स्वित्झर्लंडमधल्या याकोब बर्नुली या गणितीनं १६८३ साली सोडवायला घेतला होता. १०० ऐवजी १ रुपया धरला तर ती रक्कम २.७१८ च्या आसपास येते. गणितात या संख्येला 'ई' म्हणतात. लोकसंख्या कशी वाढते, गोळी घेतल्यावर औषध अंगातून कसं कमी कमी होत जातं, हे मांडताना ही संख्या लागते. अकरावी-बारावीच्या आणि त्यापुढच्या गणितात ती पदोपदी भेटते. आणि ती निघाली कशातून? सावकाराच्या व्याजातून.

ही झाली पुढच्या गणिताची एक वाट : वरच्या इयत्तेतला विषय आधी समजून घ्यायचा. दुसरी वाट आणखी मजेची आहे. तिथं नवीन सूत्र लागत नाही, फक्त डोकं लागतं.

एका लग्नात पंगतीला कुठल्याही सहा बायका शेजारी बसल्या आहेत. काही एकमेकींना ओळखतात, काही ओळखत नाहीत. मी बघितल्याशिवाय सांगते की त्या सहांत अशा तिघी सापडतीलच, ज्या तिघी एकमेकींना ओळखतात, किंवा अशा तिघी, ज्यांतली कुणीच कुणाला ओळखत नाही. दोन्हींपैकी एक गोष्ट होणारच. कशावरून?

सहांतली कुठलीही एक बाई घ्या. तिला आपण पहिली म्हणू. उरल्या पाच. त्यांतल्या काही तिच्या ओळखीच्या, काही अनोळखी. पाच जणींचे दोन वाटे केले की एका वाट्यात निदान तिघी येणारच. समजा तीन जणी तिच्या ओळखीच्या निघाल्या. आता या तिघींकडं बघा. त्यांतल्या कुठल्याही दोघी एकमेकींना ओळखत असतील, तर त्या दोघी आणि पहिली मिळून ओळखीच्या तिघी झाल्या. आणि त्यांतल्या कुठल्याच दोघी एकमेकींना ओळखत नसतील, तर त्याच तिघी एकमेकींना अनोळखी झाल्या. काम झालं. पहिलीच्या ओळखीच्या तिघी नसून अनोळखी तिघी निघाल्या, तर हेच उलट्या बाजूनं म्हणायचं.

पाच बायकांत मात्र अशी खात्री देता येत नाही. पाच जणी गोलाकार बसवा आणि प्रत्येक जण फक्त आपल्या डाव्या-उजव्या शेजारणीला ओळखते असं धरा. तिथं ओळखीच्या तिघीही सापडत नाहीत, अनोळखी तिघीही सापडत नाहीत. आज घरी खडूनं जमिनीवर पाच ठिपके काढून बघा.

तिघींच्या जागी चौघी हव्या असतील तर पंगतीला १८ बायका लागतात. आणि पाच जणी हव्या असतील तर? त्याचं नेमकं उत्तर आज जगात कुणालाच माहीत नाही. ४३ ते ४६ यांच्या दरम्यानची ती एक संख्या आहे, एवढंच गणिती सिद्ध करू शकले आहेत. विचार करा, पंगतीतल्या ओळखीवरून निघालेला प्रश्न दोन पावलांत जगाच्या ज्ञानाच्या वेशीपर्यंत जातो. आठवीतल्या मुलीला तिथपर्यंत नेता येतं. त्याला फी लागत नाही.

मग अडतं कुठं? मला तीन गोष्टी दिसतात. वेळ, भाषा आणि कुणीतरी बोललेला एक शब्द.

पहिली, वेळ. पुढचं गणित घाईनं होत नाही. एक अवघड प्रश्न कधी आठवडाभर डोक्यात घोळवावा लागतो. मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसलेली दिसते, आपल्याला वाटतं ही रिकामी आहे. लगेच हाक जाते, "भांडी पडलीत, उठ." भाऊ पुस्तक घेऊन बसला तर आपण टीव्हीचा आवाज कमी करतो. मैत्रिणींनो, घरकामाला माझा विरोध नाही. ते सगळ्यांनी करायचं आहे, मुलग्यांनीही. पण दिवसातला एक तास तिचा ठरवून द्या आणि त्या तासात तिला पाण्याला, दुकानाला, शेळीला पाठवू नका.

दुसरी, भाषा. आपल्या मुली दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतून येतं. मुलीला गणित येत असतं, शब्द येत नसतात. वर्तुळाला सर्कल, वर्गमूळाला स्क्वेअर रूट, संभाव्यतेला प्रोबॅबिलिटी म्हणतात, एवढ्यानं ती बावरते आणि तिला वाटतं गणितच अवघड झालं. उपाय साधा आहे. आठवीपासून एक वही करायची. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज दोन शब्द लिहिले तरी दहावीपर्यंत सगळे महत्त्वाचे शब्द ओळखीचे होतात.

तिसरी, बोललेला शब्द. इराणमध्ये मरियम मिर्झाखानी नावाची मुलगी होती. शाळेत असताना मधली एक-दोन वर्षं तिचं गणित चांगलं गेलं नाही आणि तिच्या शिक्षिकेला तिच्यात काही विशेष दिसलं नाही. तिथंच कुणी "तुला जमत नाही, सोड" म्हणून विषय मिटवला असता तर? पुढं चांगले शिक्षक भेटले. १९९४ आणि १९९५ साली, शाळेत असतानाच, तिनं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदकं मिळवली. १९९५ ला तर पैकीच्या पैकी गुण. २०१४ साली तिला फील्ड्स पदक मिळालं. गणितातला तो फार मोठा मान, आणि तो मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. एका वर्षाच्या मार्कांवरून मुलीचं गणित ठरवू नका, ते यासाठी.

आणखी एक जुनी गोष्ट. रशियात १८५० साली सोफिया कोवालेवस्काया जन्मली. त्यांच्या खेड्यातल्या वाड्यात भिंतींना लावायचा रंगीत कागद कमी पडला, म्हणून मुलांच्या खोलीच्या भिंतीला जुनी कागदं चिकटवली. आपण नाही का पत्र्याच्या पेटीत, फडताळात वर्तमानपत्र लावत, तसं. ती कागदं निघाली उच्च गणिताच्या व्याख्यानांची. पोर तासन् तास भिंतीसमोर उभी राहून ते वाचायची. अर्थ कळायचा नाही, पण चिन्हं डोळ्यांत बसली. पुढं शेजारच्या एका प्राध्यापकांनी लिहिलेलं पुस्तक तिच्या हाती पडलं. त्यातली न शिकवलेली गोष्ट तिनं स्वतःच्या डोक्यानं उलगडली. ते बघून शेजाऱ्यांनी तिच्या वडिलांना गळ घातली की या मुलीला गणित शिकवा. तेव्हा रशियात बायकांना विद्यापीठाचं दार बंद होतं. ती परदेशी गेली, तिथंही दारं ठोठवावी लागली. १८७४ साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि १८८९ ला ती स्टॉकहोममध्ये कायमची प्राध्यापक झाली. या गोष्टीत मला त्या शेजाऱ्यांचं फार मोल वाटतं. घरच्यांना जे दिसलं नव्हतं, ते त्यांनी बोलून दाखवलं. आपल्या गटातली एखादी बाई शेजारणीच्या लेकीसाठी तसा शब्द टाकू शकते.

आणि हे सगळं परदेशातच होतं असं नाही. आपल्या मंगला नारळीकर यांनी लग्नानंतर, संसार आणि तीन मुली सांभाळत गणितात संशोधन केलं आणि १९८१ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मुलांसाठी त्यांनी मराठीत 'गणितगप्पा' लिहिलं. पाचवी-सहावीच्या पोरींच्या हाती द्यावं असं पुस्तक आहे.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल घ्या.

अकरावीला सायन्स घेतलं तर मुलींना पुष्कळदा गणित सोडून जीवशास्त्र घ्यायला सांगतात. मुलीला डॉक्टर-नर्सच व्हायचं असेल तर ठीक. पण नक्की ठरलं नसेल तर दोन्ही विषय ठेवता येतात. आर्ट्स आणि कॉमर्सलाही गणित घेता येतं, मात्र आपल्या कॉलेजात तो विषय शिकवतात का ते आधी विचारा. बारावीला गणित नसेल तर इंजिनीअरिंग आणि गणित-संख्याशास्त्राची पदवी यांची दारं बहुतेक मिटतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएमध्ये आता मुलींना प्रवेश आहे. तिथल्या लेखी परीक्षेतही गणिताचा ३०० गुणांचा वेगळा पेपर असतो. सोडलेला विषय नंतर परत धरणं फार जड जातं.

ज्या मुलीला खरंच ओढ आहे तिच्यासाठी गणित ऑलिंपियाड आहे. पहिल्या पायरीच्या परीक्षेला आयओक्यूएम म्हणतात. आठवी ते बारावीची मुलं बसतात. त्यात सूत्रं पाठ करून भागत नाही, मघाच्या पंगतीसारखा विचार करावा लागतो. पुढच्या पायऱ्या पार केलेल्या मुलांचं खास शिबिर होतं. खास मुलींसाठी युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड २०१२ पासून भरतं. त्यात भारताच्या चार मुलींचा संघही जातो. तिथपर्यंत थोड्याच पोचतात, हे खरं. पण पहिल्या पायरीचे जुने प्रश्न वर्षभर सोडवले तरी डोक्याला जी सवय लागते, ती वाया जात नाही.

बारावीनंतर कोलकाता आणि बंगळूरूची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याचं आयसर अशी गणितासाठी नावाजलेली ठिकाणं आहेत. तिथं डोनेशन चालत नाही, प्रवेश परीक्षेवर घेतात. हुशार मुलांना विद्यावेतनाची सोयही असते. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच फॉर्म भरा.

पैशाचं म्हणाल तर आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी, अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुलं बसू शकतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. हे पैसे मुलीच्या नावावर येतात, तिच्या शिक्षणाला लावा.

आणि एक सावधगिरी. आठवीच्या मुलीला 'फाउंडेशन कोर्स' म्हणून मोठी फी सांगणारे येतील. "आत्ता लावलं नाही तर मुलगी मागं पडेल" असं घाबरवतील. त्यासाठी कर्ज काढू नका. पुढचं गणित म्हणजे दहावीचं पुस्तक आठवीत उरकणं नव्हे. धडे घाईनं उरकलेली मुलगी पुढं जाऊन अडखळते, एक प्रश्न पाच रीतींनी सोडवलेली टिकते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. थोडं पुढं गेल्यावर 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' हे इंग्रजी पुस्तक चांगलं आहे. ते एकटीला नको, गटानं एक प्रत घेतली तर गावातल्या चार मुली वापरतील.

गटानं काय करायचं, तेही सांगून ठेवते. पुढच्या मासिक बैठकीत विचारा, आपल्या घरांतली कुठली मुलगी गणितात रमते? दोघी-तिघी निघाल्या तर आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिराची किंवा अंगणवाडीची खोली मागा. एक फळा, खडू आणि दिवा, एवढं पुरे. शिकवायला रोज कुणी नसलं तरी चालेल. मुली एकमेकींना शिकवतात, आणि दुसरीला समजावताना स्वतःला जास्त कळतं. महिन्यातून एकदा शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना अडलेले प्रश्न दाखवायला बोलवा. संध्याकाळी परतताना मुलींना आणायला एकीनं जायचं, पाळी लावा. आणि दहावीच्या निकालाआधी, फॉर्म हातात येण्याआधी, घरात एकदा बसून बोला. आईनं, वडिलांनी, आणि मुलीनं स्वतः. फॉर्मवर तिच्याऐवजी दुसऱ्यानं खूण करू नये.

सगळ्याच मुलींना गणिताची आवड असेल असं नाही. कुणी चित्रं काढेल, कुणी शेती करेल, कुणी नर्स होईल. जिला नको तिच्यावर गणित लादू नका. माझं म्हणणं एवढंच, जिला हवं आहे तिच्या हातून ते काढून घेऊ नका.

जाता जाता तुमच्या मुलींसाठी एक कोडं. आपल्या गटात १३ जणी असतील तर त्यांतल्या निदान दोघींचा जन्म एकाच महिन्यातला असणार. वाढदिवस माहीत नसतानाही असं छातीठोक का सांगता येतं? आणि एकाच महिन्यात जन्मलेल्या निदान तिघी हव्या असतील तर गटात कमीत कमी किती जणी हव्यात? उत्तर तिला सांगू नका. तिलाच तुम्हाला समजावून सांगू द्या, आणि ती सांगत असताना पाच मिनिटं हातातलं काम खाली ठेवा.